परसातला कारखाना आणि डिझेलची ऊब

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील अनेक मुस्लिम घराण्यांतील मंडळी इंग्लंडात स्थायिक झालेली आहेत. त्यांतील बहुतेक नोकरीपेशात असली, तरी वडिलोपार्जित हुन्नर हाती धरून हलाल रोजी कमावणारेही थोडे आहेत. अशा कारागिराला तिकडे जागेचा प्रश्न पहिला येतो. गाळ्याचे भाडे परवडत नाही. म्हणून घरामागच्या परसात उभ्या असलेल्या लाकडी खोपीत, जिला तिकडे 'शेड' म्हणतात, कारखाना थाटला जातो. भाडे नाही, जाण्यायेण्याचा खर्च नाही, घर दहा पावलांवर. उन्हाळ्यात सारे ठीक चालते. नोव्हेंबर लागला की कारखाना बंद पडतो, कारण आत आणि बाहेर सारखीच थंडी असते.

आमच्या परिचयाचे एक सुतारकाम करणारे गृहस्थ आहेत. मूळचे म्हसळा तालुक्यातले, आता इंग्लंडच्या उत्तरेकडील एका जुन्या गिरणगावात राहतात. स्वयंपाकघराची कपाटे, पुस्तकांच्या मांडण्या, कुरआन शरीफसाठी रेहल, मशिदीसाठी जोड्यांच्या रॅक अशी कामे ते करतात. पहिले दोन हिवाळे त्यांनी चार-चार महिने काम बंद ठेवले आणि एका गोदामात रात्रपाळी केली. तिसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे २०२३ साली, त्यांनी डिझेलवर चालणारा हीटर बसवला. त्या हीटरने त्यांचा धंदा वाचवला आणि एकदा जीवही घेतला असता. दोन्ही गोष्टी वाचकांपुढे ठेवणे आम्हास आवश्यक वाटते, कारण अशा खोपीत काम करणारा कोणी ना कोणी आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात आहे.

थंडी म्हणजे नुसती अंगाला लागणारी गोष्ट नव्हे. पांढरा सरस दहा अंशांच्या खाली नीट धरत नाही. तो खडूसारखा सुकतो आणि सांधा महिन्याभरात सुटतो. वार्निश तासन्‌तास ओलेच राहते. रंध्याच्या पात्यावर, पटाशीवर रातोरात गंज चढतो. बधिर बोटांनी करवतीच्या यंत्रावर काम करणे म्हणजे बोट गमावण्याची तयारी. नोकर ठेवणाऱ्या मालकांसाठी इंग्लंडातील सरकारी मार्गदर्शन असे आहे की बैठ्या कामाच्या जागी किमान १६ अंश आणि अंगमेहनतीच्या जागी किमान १३ अंश सेल्सियस तापमान असावे. एकट्या कारागिराला विचारणारे कोणी नसते, तरी आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यातच डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो. जोहर, असर आणि मगरिब पाठोपाठ येतात, दर वेळी थंड पाण्याने वुजू आणि पुन्हा त्या बर्फासारख्या खोपीत परत. उजेडाचे तास मोजके, आणि त्यांतला एक तास हात शेकण्यात गेला तर उरते काय?

आमच्या या गृहस्थांनी प्रथम रॉकेलची, धुराडे नसलेली सिगडी वापरून पाहिली. ऊब मिळाली, पण भिंतींना घाम फुटला. कारण साधे आहे. एक लिटर रॉकेल जळले की सुमारे लिटरभर पाणी वाफ होऊन त्याच खोलीत राहते. ते पाणी थंड लोखंडावर जाऊन बसते. म्हणजे हत्यारे गंजू नयेत म्हणून ऊब करायची आणि त्या उबेनेच ती गंजवायची. शिवाय धूर आतच.

डिझेल हीटरची रचना वेगळी आहे, आणि ट्रक-लाइनीतल्या वाचकांना ती चटकन उमगेल. हे यंत्र मुळात थंड मुलुखातील ट्रकच्या केबिनसाठी निघाले. इंजिन बंद करून ड्रायव्हरला रात्रभर झोपता यावे, एवढाच हेतू. वेबास्टो आणि एबरश्पेशर या जर्मन कंपन्यांची नावे यात जुनी. अलीकडे चिनी बनावटीचे हीटर शंभर पौंडांच्या आसपास मिळू लागल्याने ते परसातल्या खोपीपर्यंत पोहोचले. यंत्र १२ व्होल्टवर चालते. आत एक ग्लो प्लग असतो, जसा आपल्या डिझेल जीपला असतो तसाच. तो तापून लाल होतो. छोटा पंप टिक-टिक आवाज करत थेंब-थेंब डिझेल सोडतो, ते पेट घेते आणि ज्योत एका बंद ॲल्युमिनियमच्या कोठडीत जळत राहते. कोठडीला बाहेरून पाकळ्या असतात, त्यांवरून पंखा खोलीतली हवा फिरवतो. जळणासाठी लागणारी हवा एका नळीने बाहेरून येते आणि धूर दुसऱ्या नळीने बाहेर जातो. खोलीतली हवा आणि जळणाची हवा कुठेही एकत्र येत नाहीत. म्हणून ऊब कोरडी मिळते. या यंत्राची सारी किंमत या एका गोष्टीत आहे, आणि सारा धोकाही ही गोष्ट बिघडण्यात आहे.

त्या दुपारी काय झाले

हीटरबरोबर धुराच्या नळीवर लावायचा एक छोटा सायलेन्सर येतो. तो बसवला तर आवाज कमी होतो. आमच्या गृहस्थांनी शेजाऱ्याला त्रास नको म्हणून तो बसवला, पण बसवला खोपीच्या आत. तेवढीच त्याचीही ऊब मिळेल असा हिशेब. या स्वस्त सायलेन्सरांचे सांधे हवाबंद नसतात, पुष्कळांना पाणी निथळण्यासाठी भोकही असते. ते बाहेर, मोकळ्या हवेत लावण्यासाठीच असतात. पहिले चार दिवस काही झाले नाही, कारण दार उघडे असे. पाचव्या दिवशी थंडी वाढली, दार लावले गेले.

दुपारी डोके दुखू लागले. मग मळमळ. त्यांना वाटले फ्लू आहे. थोडे बसावे म्हणून स्टुलावर बसले आणि उठता येईना. मुलगा शाळेतून आला, अब्बा हाकेला ओ देत नाहीत म्हणून त्याने दार उघडले. मुलगा बारा वर्षांचा, पण त्याने आधी दार सताड उघडले, बापाला ओढून बाहेर काढले आणि मग आईला हाक मारली. इस्पितळात रात्रभर प्राणवायू द्यावा लागला. अल्लाहचे लाख शुक्र की त्या दिवशी शाळा वेळेवर सुटली.

कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणसाला आपण गुदमरतो आहोत हे कळतही नाही, फक्त सुस्ती येते. उत्तर हिंदुस्थानात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी मृत सापडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. वायू तोच. तो ओळखणारी घंटा पंधरा-वीस पौंडांत मिळते. तिच्या खोक्यावर 'बीएस ईएन ५०२९१' हा मानकाचा क्रमांक पाहून घ्यावा. आम्ही स्पष्ट लिहितो की ही घंटा आधी विकत घ्यावी, हीटर मागाहून. घंटेला पैसे नसतील तर हीटरलाही नाहीत असे समजावे.

बसवताना

सायलेन्सर आणि धुराच्या नळीचा प्रत्येक सांधा खोपीच्या बाहेर असावा. नळी लाकडी भिंतीतून जाते तेथे लोखंडी पत्रा व बाही घालून लाकडापासून अंतर ठेवावे, कारण नळी इतकी तापते की सुकी फळी पेटू शकते. नळीला बाहेरच्या बाजूस उतार हवा, नाहीतर आत पाणी साचते. धुराचे तोंड हवा घेणाऱ्या नळीपासून, खिडकीपासून आणि शेजाऱ्याच्या कुंपणापासून दूर वळवावे. डिझेलचा पंप तिरका किंवा उभा, बाहेर पडणारे तोंड वर ठेवून लावला तर हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. टाकी शक्यतो बाहेर.

सुतारासाठी आणखी एक गोष्ट. ज्योत बंद कोठडीत असली तरी हीटरमधून येणारी हवा चांगलीच गरम असते आणि पंखा भुसा ओढून घेतो. म्हणून हीटर जमिनीलगत, भुशाच्या ढिगाजवळ लावू नये, आणि थिनर किंवा स्प्रेचे काम त्याच्या समोर कधीही करू नये. पेट्रोलचा एक थेंबही टाकीत जाता कामा नये.

विजेचा प्रश्न बरेच लोक चुकीचा सोडवतात. सुरू होताना ग्लो प्लग आठ ते दहा ॲम्पिअर खातो, नंतर दोन ॲम्पिअरच्या आत भागते. म्हणून लहानसा अडॅप्टर चालत नाही. मोटारीची जुनी पण धड बॅटरी आणि तिला चार्जर, ही जोडी उत्तम. त्याचे आणखी एक कारण आहे. बंद करताना हीटर काही मिनिटे पंखा चालवून स्वतःला थंड करतो. मधेच वीज तोडली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि यंत्र जळते. बॅटरी असली की घरची वीज गेली तरी पंखा फिरत राहतो.

हिशेब

आता व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट उष्णता असते, त्यांपैकी आठ खोलीला मिळतात असे धरू. लिटरला १.४५ पौंड धरले तर युनिटला १८ पेन्स पडले. घरची वीज युनिटला २५ पेन्स धरली तरी फरक दिसतो, पण फार मोठा नाही. म्हणजे खरी बचत हीटरमध्ये नाही, भिंतीत आहे.

दहा फूट बाय आठ फुटांची खोपी घ्या. फळ्या अर्ध्या इंचाच्या. बाहेरपेक्षा १५ अंश अधिक ऊब ठेवायची तर भिंती, छप्पर आणि फटी मिळून दोन किलोवॉटच्या आसपास उष्णता गळते. तीच खोपी आतून ५० मिलिमीटर जाडीच्या फोमच्या पाट्यांनी मढवली, वर प्लायवुड मारले आणि दाराच्या फटी बुजवल्या, की अर्ध्या किलोवॉटमध्ये काम होते. आमच्या गृहस्थांनी इस्पितळातून आल्यावर पहिले काम हे केले. तीनशे पौंडांच्या आत खर्च आला, मजुरी स्वतःची.

येथे चाणाक्ष वाचक विचारेल, अर्धा किलोवॉटच लागतो तर साधा विजेचा हीटर तासाला बारा-तेरा पेन्समध्ये तेच काम करील, मग डिझेलचा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. शिंपी, घड्याळजी, चामड्याचे बारीक काम करणारा, यांनी खोपी मढवून विजेचा हीटरच घ्यावा असे आमचे मत आहे. डिझेल हीटर शोभतो तो सुताराला, वेल्डरला, ज्याचे दार दिवसातून वीस वेळा उघडते आणि ज्याला धूळ बाहेर फेकण्यासाठी हवा सतत बदलावी लागते; किंवा ज्याच्या खोपीपर्यंत जाड वायर ओढलेली नाही. पहाटेचा गारठा अर्ध्या तासात घालवायला त्याच्याइतके दुसरे साधन नाही.

घेताना जाहिरातीतील आकड्यांना भुलू नये. 'आठ किलोवॉट' म्हणून विकले जाणारे पुष्कळ हीटर पाचाचेच असतात. मढवलेल्या लहान खोपीला दोन किलोवॉटचा पुरे. मोठा घेतला तर तो सतत मंद ठेवावा लागतो आणि मंद ज्योतीने आत काजळी धरते. रोज बंद करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे पूर्ण जोरात चालवला की काजळी कमी होते. उन्हाळ्यात भरून ठेवलेले डिझेल थंडीत वापरू नये, त्यात मेण जमते. तिकडच्या पंपांवर नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत थंडीचे वेगळे डिझेल मिळते. लाल रंगाचे सवलतीचे डिझेल धंद्याच्या जागा गरम करण्यासाठी वापरण्याची मुभा एप्रिल २०२२ पासून गेली आहे. 'कोण बघतो' म्हणून ते भरणे ही सरकारची फसवणूक आहे आणि दंडाचे कारणही. घराच्या विमा कंपनीलाही हीटरची आणि धंद्याची कल्पना लेखी द्यावी. न सांगता आग लागली तर भरपाईवर पाणी सोडावे लागेल.

एक गोष्ट आमच्या लक्षात आली, ती धंद्याच्या दृष्टीने नोंदवतो. हे स्वस्त हीटर दोन-तीन हिवाळ्यांत काजळीने बंद पडतात आणि लोक ते फेकून देतात. दुरुस्तीला लागते काय? ग्लो प्लग, त्याभोवतीची बारीक जाळी, एक गॅस्केट आणि कोठडी खरवडून साफ करणे. सुटे भाग काही पौंडांत मिळतात. डिझेल इंजिनावर हात बसलेल्या माणसाला हे तासाभराचे काम आहे. आमच्या गृहस्थांच्या मेहुण्याने, जो महाडला गॅरेजमध्ये शिकला, तिकडे हेच काम शनिवार-रविवारी सुरू केले आहे. दुरुस्त केलेला हीटर परत देताना तो गिऱ्हाइकाकडे वायूची घंटा आहे की नाही हे विचारतो. नसेल तर हीटर देत नाही. दोन गिऱ्हाइके यावरून भांडून गेली, त्यांतले एक आठवड्याने घंटा घेऊन परत आले.

सुतार गृहस्थांची खोपी आता डिसेंबरातही सकाळी आठला उघडते. सायलेन्सर बाहेर विटांवर बसवला आहे, घंटा कामाच्या टेबलाशेजारी डोक्याच्या उंचीवर लावली आहे आणि दर जुम्याला तिचे बटण दाबून पाहण्याचे काम मुलाकडे आहे. आम्ही गेलो तेव्हा एका मशिदीसाठी साठ जोड्यांची रॅक सरसात होती. शिकंजे आवळलेले होते आणि सांधा दुसऱ्या दिवशी सकाळी पक्का धरला होता.