तेरा डब्यांचा हिशेब

सकाळी सात. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत या वेळी आमिश लोकांच्या घोडागाड्या रस्त्यावर असतात, त्यामुळे घाई करून उपयोग नसतो. आजचं घर स्ट्रासबर्गच्या पलीकडे. स्ट्रासबर्ग म्हणजे आमच्या, खेळण्यातल्या आगगाड्यांची किंमत ठरवणाऱ्यांच्या, धंद्याची पंढरी. १८३२ च्या सनदेची, अजून वाफेवर धावणारी रेल्वे इथलीच, आणि ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनचं, म्हणजे १९५४ साली निघालेल्या टीसीएचं खेळण्यातल्या आगगाड्यांचं संग्रहालयही इथेच. मागच्या सीटवर माझी पेटी आहे: भिंग, अतिनील टॉर्च, कॅलिपर, मऊ ब्रश. टीव्हीवर दाखवतात ते पांढरे सुती हातमोजे मी ठेवत नाही. डब्याच्या शिडीत धागा अडकला की शिडीच हातात येते. त्यापेक्षा साबणाने धुतलेले हात बरे.

आठ. बाई दारातच उभ्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या. नवरा हिवाळ्यात गेला, गाड्या दोन्ही मुलांच्या नावे करून. मुलगी कॉफी घेऊन आली आणि तिने थेट विचारलं, "किती होतील?"

"किंमत कशासाठी हवी आहे?" हा माझा नेहमीचा उलटा प्रश्न. विम्याची किंमत वेगळी: तोच डबा आज दुकानातून परत आणायचा तर काय पडेल ती. दुकानदार रोख देऊन उचलेल ती बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास. कराला लागते ती तिसरीच: कुणावर जबरदस्ती नाही, दोघांनाही मालाची माहिती आहे, अशा गिऱ्हाइकात आणि विकणाऱ्यात मृत्यूच्या तारखेला जो सौदा ठरला असता तो. पेनसिल्व्हेनियात वारसा कर आहे. बायकोला काही भरावं लागत नाही, मुलांना साडेचार टक्के. म्हणजे मी आकडा फुगवला तर मुलगी आज खूश होईल आणि कर जास्त भरेल. एवढं सांगितलं की बहुतेक घरांतल्या अपेक्षा जमिनीवर येतात.

साडेआठ. तळघर. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर सगळी खोकी नंबरवार. माणूस शिस्तीचा असणार. मधल्या फळीवर लायोनेल या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या कंपनीची 'स्पिरिट ऑफ ७६' मालिका होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती तेव्हाची: १७७६ क्रमांकाचं इंजिन, ७६०० क्रमांकाचा गार्डाचा डबा आणि मूळ तेरा वसाहतींचे तेरा डबे. नंबर ७६०१ ते ७६१३. हे नंबर सहज टाकलेले नाहीत. ज्या क्रमाने राज्यांनी संविधानाला मान्यता दिली, तोच क्रम डब्यांना आहे. डेलावेअर पहिलं, म्हणून ७६०१. सर्वांत उशिरा, १७९० मध्ये, कबूल झालेलं ऱ्होड आयलंड ७६१३. मुलीला हे नवीन होतं. "बाबांनी कधी सांगितलं नाही," म्हणाली आणि खोकी पुन्हा एकदा ओळीने लावून बघितली.

तेराही डबे रुळावर कधी चढलेच नव्हते. टीसीएची प्रतवारी एक ते दहा: सी-१० म्हणजे निर्दोष, सी-८ म्हणजे नव्यासारखा, सी-६ म्हणजे खेळलेला पण सांभाळलेला, सी-१ म्हणजे भंगार. खोक्याला वेगळी श्रेणी असते. इथे बहुतेक माल सी-९ च्या घरातला. एका डब्याला मात्र कुणीतरी रबरबँड लावून ठेवला होता. तो कधीच वितळून गेला, पण जाताना छतावर पिवळट रेघ ओढून गेला. तो डबा खाली घसरला. न खेळता खराब झालेला माल लिहून घेताना मला फार वाईट वाटतं.

"हे म्हणायचे, यातून नातवंडांच्या कॉलेजची फी निघेल," बाई म्हणाल्या.

निघणार नाही. यातले साधे डबे आज वीस-पंचवीस डॉलरला जातात, कधी त्याच्याही खाली. ७६१० ची व्हर्जिनिया कमी सापडते, तिला जास्त येतात. कारण सरळ आहे. खोक्यावर 'स्मरणार्थ' म्हणून छापलं होतं, त्यामुळे घेणाऱ्या प्रत्येकाने तो डबा जपला. पन्नास वर्षांनी सगळेच डबे जिवंत, सगळेच नवेकोरे, आणि जपणारी पिढी एकदमच तळघरं रिकामी करू लागलेली. टंचाई यायची कुठून?

मग बाईंनीच कपाटाखालून एक बुटांचं खोकं काढलं. "ही माझी. लहानपणची. ही मोजायची नसतील ना?" आत फिकट जांभळा हॉपर, म्हणजे मालडबा, आणि आकाशी रंगाचा, गोल खिडक्यांचा गार्डाचा डबा. १९५७ मध्ये लायोनेलने मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाचा एक संच काढला होता. मुलींना खऱ्या रंगाची आगगाडी हवी होती, कारखान्याला ते कळलं नाही, आणि संच पडून राहिला. म्हणून आज त्याला गिऱ्हाईक आहे. म्हणूनच त्याच्या नकलाही आहेत, आणि लायोनेलने स्वतः १९९१ मध्ये तो परत काढलाही.

ओळख पटवायला अर्धा तास गेला. कॅटलॉगात हॉपरचा नंबर ६४३६-५००, पण अंगावर छापलेला ६४३६५७. गार्डाचा डबा कॅटलॉगात ६४२७-५००, अंगावर ५७६४२७. मागेपुढे चिकटलेला ५७ म्हणजे साल. छापा बरोबर निघाला तरी थांबायचं नाही. साधा डबा सोलून रंगवणारे लोक नंबरही बरोबर छापतात. डबा उलटा करून चाकांचे सांगाडे त्या काळचे धातूचे आहेत का बघितलं. स्क्रूच्या खाचेत रंग गेलाय का बघितलं. कारखान्यात डबा आधी रंगायचा, जोडायचा नंतर, म्हणून खाच कोरी हवी. ती कोरी होती. दिवे घालवून अतिनील टॉर्च मारला. नव्या रंगाची डागडुजी वेगळी चमकते, इथे पृष्ठभाग एकसारखा. हॉपरच्या एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा. "भावाच्या," बाई म्हणाल्या. सी-५. तरी या दोन खेळण्यांची बेरीज फळीवरच्या तेरा डब्यांच्या जवळपास जाते. पण ती बाईंची स्वतःची, नवऱ्याच्या मालमत्तेत धरायचीच नाहीत.

साडेअकरा. क्लबांचे डबे. दर अधिवेशनाला टीसीए आपला डबा काढते, लायोनेल कलेक्टर्स क्लबही काढतो. कारखान्यातून तसाच छापून आलेला डबा वेगळा, आणि बाजारातला साधा डबा घेऊन त्यावर क्लबचं नाव चढवलेला वेगळा. भिंगाखाली वरच्या छपाईची शाई अंगावर बसलेली दिसते, खालच्या अक्षरांशी जात जुळत नाही. "दोनशेच निघाले होते," मुलगी प्रमाणपत्र वाचून म्हणाली. असतील. पण हवा असणारे दीडशेच उरले असतील तर?

एक. गाडीतच पोळीचा रोल. मग घरी, टेबलावर बाईंकडून नमुन्याला आणलेली जुन्या डब्यांची खोकी. जुन्या पुठ्ठ्याला टॉर्चखाली मळकट छटा येते. हल्लीच्या कागदात उजळपणासाठी रसायन असतं, तो निळसर पांढरा पेटतो. दोन खोकी पेटली. म्हणजे मागाहून केलेली. डबे खरे, खोकी नकली, हे अहवालात स्वतंत्र ओळीत.

अडीच. न्यू जर्सीतल्या एडिसनहून फोन. कुणी ओळखीच्यांनी नंबर दिला म्हणे.

"काका, आम्ही इथे घर घेतलं ना, तर तळघरात आगगाड्यांची खोकी निघालीत. एकावर कुठल्या तरी रेल्वेची शंभर वर्षं असं लिहिलंय. ईबेवर तसाच डबा चारशेला आहे!"

"चारशे कुणीतरी मागतंय, अगं. मिळालेत का? विकलेल्या मालाचं वेगळं बटण असतं, ते दाब."

थोड्या वेळाने, पडलेल्या आवाजात: "अठरा."

"आता पट्टी घे आणि चाकांमधलं अंतर मोज. बत्तीस मिलिमीटरच्या आसपास असेल तर ओ गेज."

"सोळा-सतरा येतंय, काका."

"मग एचओ, त्याहून लहान माप. नवऱ्याला सांग, मुलांना खेळू द्या. आणि आधीच्या मालकांना एक फोन करा. राहून गेली असतील, तर त्यांची आहेत."

चार ते सहा, अहवाल. प्रत्येक डब्यापुढे झालेल्या विक्रीची तारीख आणि आकडा. मागितलेली किंमत एकही नाही. मी ठरावीक फी घेतो. किमतीच्या टक्केवारीवर फी घेतली तर माझाच फायदा आकडा वाढवण्यात, आणि व्यावसायिक नियमांतही ते बसत नाही. ज्याची किंमत ठरवली ते विकतही घेत नाही. यॉर्कला एप्रिल-ऑक्टोबरच्या टीसीए मेळ्यात काही जण दोन्ही करतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

साडेसहाला मुलीचा फोन. आईने तिची दोन खेळणी दिवाणखान्यात मांडलीत. आणि व्हर्जिनियाला चांगली मागणी आहे तर ती एकटी आधी विकू का?

"नका विकू," म्हटलं. "तेरा एकत्र द्या. व्हर्जिनियासाठी येणारा माणूस बाकीचे बारा उचलेल. ती आधी गेली, तर ते बारा तुमच्याच तळघरात राहतील."