जुनी मर्सिडीज घेताना साल किती बघायचं?

नव्या छोट्या गाडीच्या पैशांत, कधी त्याहूनही कमीत, जुनी मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीज किंवा स्कोडा सुपर्ब मिळते. मोह होणं साहजिक आहे. मग ओळखीतलं कुणीतरी सांगतं, ‘सातच्या, म्हणजे 2007 च्या, आधीचं मॉडेल घेऊ नका, नंतरचं डोळे झाकून घ्या.’ या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग बराचसा बरोबर आहे. दुसऱ्या अर्ध्यापायी मात्र लोकांचे लाखो रुपये जातात.

हा सल्ला बहुधा ई-क्लासच्या डब्ल्यू 211 या पिढीबद्दल असतो. ही गाडी 2002 मध्ये आली. भारतातल्या ग्राहकांसाठी ती पुण्यातच जुळवली जायची आणि सेकंड-हँड बाजारात अजूनही दिसते. सुरुवातीच्या गाड्यांत ‘एसबीसी’ नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा होती. पेडल दाबलं की संदेश कंट्रोल युनिटकडे जायचा आणि पंपाने आधीच साठवून ठेवलेल्या दाबावर ब्रेक लागायचे. 2004 आणि 2005 मध्ये कंपनीला लाखो गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. 2006 च्या फेसलिफ्टमध्ये ही यंत्रणाच काढून नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक दिले. इथवर साल खरं बोलतं.

पण एसबीसीचं युनिट गाडीचं वय बघत नाही, ब्रेक किती वेळा लागला ते मोजतं. ठरलेला आकडा गाठला की मीटरवर लाल इशारा येतो. म्हणजे हायवेवर फिरलेल्या 2004 च्या गाडीत या युनिटचं बरंच आयुष्य शिल्लक असू शकतं आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रोज रांगलेल्या 2006 च्या गाडीत ते संपत आलेलं असू शकतं. मर्सिडीजचा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये ही मोजणी वाचता येते. ती वाचल्याशिवाय अशा गाडीचा सौदा करू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रश्न ब्रेकचा आहे.

‘फेसलिफ्टनंतरची म्हणजे निर्धोक’ हा गैरसमज त्याहून महागात पडतो. ई 280 आणि ई 350 या पेट्रोल गाड्यांत एम 272 हे व्ही-6 इंजिन होतं. त्यातल्या बॅलन्स शाफ्टवरचं गिअर सुरुवातीच्या इंजिनांत नरम धातूचं निघालं. दात झिजले की टायमिंग सरकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. तो सुटा भाग तसा मोठा नाही, पण तो बदलायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. हा दोष फेसलिफ्टच्या रेषेवर थांबला नाही. तो संपतो इंजिन नंबरवर. शेवटचे सहा आकडे 468993 च्या खाली असतील, तर इंजिन जुन्या गिअरचं. 2006 च्या उत्तरार्धातली फेसलिफ्ट गाडी या रेषेच्या अलीकडची असू शकते आणि पलीकडचीही. इंजिन नंबर आरसीवर छापलेला असतो. ब्लॉकवरचा नंबर त्याच्याशी जुळवून घ्यायला मेकॅनिकला पाच मिनिटं लागतात.

शिवाय ‘सात सालचं मॉडेल’ म्हणजे कुठलं साल? आपल्याकडे विकणारा बहुतेक वेळा पासिंगचं साल सांगतो. ऑक्टोबर 2006 मध्ये बनलेली गाडी फेब्रुवारीत पासिंग झाली की ती ‘सातची’. अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षीच, साधारण उन्हाळ्याअखेर, विक्रीला येतं. त्यामुळे अमेरिकन सल्ल्यातली ‘2007’ आणि आपल्या एजंटच्या तोंडची ‘2007’ यांत वर्षभराचा फरक पडू शकतो, आणि एसबीसी असलेली शोरूममध्ये पडून राहिलेली गाडी त्या फटीतून सहज निसटते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं दिलेलं असतं. बघायचं ते तेच.

एकाच सालातही गाड्या सारख्या नसतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळवलेली दुसऱ्या पिढीची सुपर्ब घ्या. 1.8 टीएसआय पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स होता, 2.0 टीडीआय डिझेलमध्ये सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा. जगभर बदनाम झाला तो कोरड्या क्लचचा. 2013 मध्ये चीनमध्ये याच गिअरबॉक्सपायी स्कोडाची मालक कंपनी फोक्सवॅगनला 3,84,000 हून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. डिझेलचा गिअरबॉक्स दणकट, पण त्याचं तेल दर 60,000 किलोमीटरला बदललेलं हवं. ‘बाराची सुपर्ब चांगली का?’ या प्रश्नाला म्हणून एक उत्तर नाही. पेट्रोल असेल तर चढावर, ट्रॅफिकमध्ये, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हळूहळू सरकवून बघा. हिसके बसले तर थांबा. डिझेल असेल तर गिअरबॉक्स तेलाचं बिल मागा. नुसता सर्व्हिस बुकावरचा शिक्का चालणार नाही.

विश्वासार्हतेच्या याद्यांवरही लोक फार विसंबतात. जर्मनीतला ट्यूफचा अहवाल सक्तीच्या तपासणीत सापडलेले दोष मोजतो: दिवे, ब्रेक, सस्पेन्शन. एडीएसी ही तिथली वाहनचालकांची संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या मोजते आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा बॅटरीचा असतो. इंजिन उतरवायला लावणारा, पण गाडी चालती ठेवणारा दोष या दोन्हींत नीट दिसतच नाही. वर ती जर्मनीची हवा, तिथलं इंधन आणि तिथले रस्ते.

बीएमडब्ल्यू 520 डी बघत असाल तर एक गोष्ट पक्की करा: गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. एन 47 या डिझेल इंजिनाची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि 2007 ते 2011 च्या इंजिनांत ती झिजण्याच्या तक्रारी खूप आल्या. चेनची घरघर थंड स्टार्टला सगळ्यात स्पष्ट ऐकू येते. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. चेन बदललेली असेल तर बिलावर तारीख आणि किलोमीटर असतील. अशी 2009 ची गाडी मी न बदललेल्या 2011 च्या गाडीपेक्षा आधी घेईन.

सालाला खरं वजन आहे ते कायद्यात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती 5-5 वर्षांनी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही येतो. दिल्ली परिसरात हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. नंतर नियमांत बदल होत गेले, पण तिथल्या मोठ्या डिझेल गाड्या स्वस्तात आपल्याकडे येण्याचं मूळ त्यातच आहे. अशी डीएल पासिंगची गाडी दाखवली, तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय आणि इथे भरावा लागणारा रोड टॅक्स किमतीत धरल्याशिवाय टोकन देऊ नका.