पीएचडी करताय? मग सरकारचे मसुदेही वाचा

३० जुलै २०२४ च्या पहाटे वायनाडमध्ये दरड कोसळली आणि शेकडो जीव गेले. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटाबद्दलचा मसुदा काढला. सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवायचं, त्यात महाराष्ट्राचं १७,३४०. हरकती-सूचनांसाठी मुदत ६० दिवस. हा सहावा मसुदा होता. पहिला आला होता मार्च २०१४ मध्ये!

आता समजा, तुम्ही घाटातल्या बेडकांवर किंवा मातीच्या धुपेवर संशोधन करताय. तीन पावसाळ्यांची आकडेवारी लॅपटॉपमध्ये पडून आहे. ती सरकारपर्यंत कशी न्यायची?

थेट पाठवायची. हरकत नोंदवायला पद लागत नाही, ओळखही लागत नाही. पत्ता मसुद्यातच असतो. पण ‘घाट वाचवा’ एवढंच लिहून भागत नाही. कोणतं कलम, त्यात नेमका काय बदल हवा आणि पुरावा काय, हे एक-दोन पानांत सांगा. शोधनिबंध जसाच्या तसा जोडू नका, तो कुणी वाचणार नाही.

केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्यांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचे असतात. अर्थात हे धोरण आहे, कायदा नाही. त्यामुळे ते दरवेळी पाळलं जातंच असं नाही.

दुसरी जागा म्हणजे जनसुनावणी. खाण किंवा मोठा प्रकल्प येणार असेल, तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मसुदा लोकांसाठी खुला होतो. राज्याच्या भाषेत मात्र फक्त सारांश देणं बंधनकारक आहे. म्हणजे शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल गावाला समजावून सांगणारं कुणीतरी हवंच. प्राण्यांची पाहणी एकाच ऋतूत उरकली आहे का, हे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला चटकन कळतं. सुनावणीत बोलायचा पहिला हक्क स्थानिकांचा, पण बाहेरचा अभ्यासक लेखी म्हणणं देऊ शकतो.

भाषेचा हा मुद्दा २०२० मध्ये कोर्टातही गेला. नव्या अधिसूचनेच्या मसुद्यात सुनावणीआधीची ३० दिवसांची मुदत २० वर आणायची होती, आणि मसुदा होता फक्त हिंदी-इंग्रजीत. दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या परिशिष्टातल्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं.

पूर्णवेळ हेच करायचं असेल, तर पीआरएसची ‘लॅम्प’ फेलोशिप आहे. त्यात खासदारासोबत काम करता येतं आणि कायद्याची पदवी लागत नाही.

एक खबरदारी: सरकारी नोकरीत असाल तर धोरणावर जाहीर टीका करण्यावर वर्तणूक नियमांची बंधनं आहेत. पाठवण्याआधी ते नियम एकदा तपासून घ्या.