मनाईच्या यादीनंतर

१४ जून १९६६ रोजी व्हॅटिकनने एक छोटेसे निवेदन काढले आणि चारशे वर्षे चालत आलेल्या एका यादीचा कायदेशीर अंमल संपला. निषिद्ध ग्रंथांची ही सूची रोमने पहिल्यांदा १५५९ साली, पोप चौथे पॉल यांच्या काळात काढली. १९४८ ची आवृत्ती शेवटची ठरली. तिच्यात सुमारे ४००० नावे होती. झोला होते, फ्लोबेर यांची ‘मादाम बोव्हारी’ होती. व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझराब्ल’नेही कित्येक दशके या सूचीत काढली.

ही मनाई नुसती कागदावर नव्हती. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, मिलेजव्हिल गावाजवळच्या शेतावर आईसोबत राहणाऱ्या कथाकार फ्लॅनरी ओ’कॉनर यांच्या घरी एक लहानसे वाचकमंडळ जमत असे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळाने सूचीतलेच आंद्रे जीद आणि सार्त्र वाचायचे ठरवले, तेव्हा ओ’कॉनर यांनी ओळखीच्या जेझुइट फादरांना पत्र लिहून परवानगी विचारली. इतक्या निर्भय लेखणीच्या बाईलाही ते विचारावेसे वाटले. १९६४ मध्ये त्या गेल्या. सूची त्यानंतर दोन वर्षांनी रद्द झाली.

काय वाचू नये हे सांगणारे कुणी उरले नाही. मग काय वाचावे, हे सांगण्याचे काम कुणी केले? गेल्या साठ वर्षांकडे मागे वळून पाहताना मला त्याचे उत्तर अमेरिकेतल्या कॅथलिक आयांच्या हातांनी लिहिलेल्या याद्यांमध्ये दिसते. त्यांना ना पदवी लागली, ना बिशपांची मोहर. मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर, कुणाच्या स्वयंपाकघरात, पत्राच्या शेवटच्या ओळीत एकीने दुसरीला सांगितले, ‘मी हे वाचले, तूही वाच.’ वाङ्मयाच्या इतिहासात या वाक्याची नोंद कुणी ठेवत नाही. मला मात्र ते फार मोलाचे वाटते.

सुरुवात अर्थात १९६६ च्या आधीची आहे. सात मुलांची आई असलेल्या मेरी रीड न्यूलँड यांचे ‘वी अँड अवर चिल्ड्रन’ १९५४ मध्ये आले, ‘द इयर अँड अवर चिल्ड्रन’ १९५६ मध्ये. आगमनकाळापासून ईस्टरपर्यंत आणि पुढे वर्षभर घरात काय करावे, मुलांशी संतांबद्दल कसे बोलावे, हे त्यांनी स्वतःच्या घरातले दाखले देऊन लिहिले. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, मुलांसाठी संतचरित्रांची ‘व्हिजन बुक्स’ ही माला न्यूयॉर्कमधून निघू लागली. गोष्टीसारखी वाचावीत अशी ती चरित्रे होती.

पुढे वारे फिरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या वर्षांत जुने ते सगळे कालबाह्य, असा एक सूर लागला आणि ही पुस्तके एकेक करून छपाईतून गेली. आयांच्या याद्या खऱ्या कामाला आल्या त्या इथे. १९८० मध्ये घरशिक्षणाला आधार देणाऱ्या सीटन होम स्टडी स्कूलसारख्या संस्था सुरू झाल्या. मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबे वाढत गेली आणि १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरशिक्षण कायदेशीर झाले. पाठ्यपुस्तकाऐवजी जिवंत पुस्तक मुलाच्या हाती द्यावे, हा शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंचा विचार या आयांनी उचलला. मेसन स्वतः अँग्लिकन होत्या, पण त्यामुळे कुणाचे अडले नाही. अडचण वेगळीच होती: यादीतले पुस्तक मिळायचे कुठे? ग्रंथालये जुनी पुस्तके विकायला काढत, त्या खोक्यांतून, रद्दीतून, आजीच्या माळ्यावरून ती शोधावी लागत. नावासोबत आणखीही बरेच सांगावे लागे: लेखिका कोण, साल कोणते, चित्रे कुणाची, कोणत्या वयाला झेपेल.

या शोधाचे फळ म्हणजे हिल्डा व्हॅन स्टॉकम यांचे पुनरागमन. नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या, प्रौढपणी कॅथलिक झालेल्या आणि सहा मुले वाढवता वाढवता लिहिणाऱ्या व चित्रे काढणाऱ्या या बाई. ‘द विंग्ड वॉचमन’ या त्यांच्या १९६२ च्या कादंबरीत नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमधले, पवनचक्कीत राहणारे एक कुटुंब आहे. उपासमार आहे, शत्रूची गस्त आहे आणि तरीही दार ठोठावणाऱ्याला आत घेणारी आई आहे. प्रवचनाचा एक शब्द न काढता धर्म कसा जगतात ते या पुस्तकात दिसते. १९९३ मध्ये नॉर्थ डकोटासारख्या आडबाजूच्या राज्यात बेथलेहेम बुक्स ही छोटी प्रकाशनसंस्था उभी राहिली आणि तिने व्हॅन स्टॉकम यांची पुस्तके पुन्हा छापली. ‘व्हिजन बुक्स’मधली चरित्रेही इग्नेशियस प्रेसने परत आणली. आधी घराघरांत नावे जपली गेली, छापखाना मागून आला.

भांडणेही झाली. हॅरी पॉटर आल्यावर जादूटोण्यावरून आयांमध्ये सरळ दोन तट पडले. मायकल ओ’ब्रायन यांचे ‘अ लँडस्केप विथ ड्रॅगन्स’ हे बालसाहित्यातल्या धोक्यांविषयी सावध करणारे पुस्तक एका बाजूने पुढे केले जाई, दुसऱ्या बाजूने टॉल्किन यांच्या कॅथलिक श्रद्धेचा आणि त्यांच्या कादंबरीतल्या जादूगाराचा दाखला दिला जाई. भीतीने केलेल्या याद्या मला दरिद्री वाटतात. जिने ‘हे नको, तेही नको’ एवढेच लिहिले तिने जुनी सूचीच नव्या अक्षरात उतरवली. जिने स्वतः रात्र जागवून वाचले आणि मग मुलाला कधी द्यावे हे ठरवले, तिच्या शब्दाला वजन आले.

आणि या स्वतः वाचण्यातूनच याद्यांचा रोख बदलत गेला. मुलांसाठी पुस्तके शोधणाऱ्या बायकांना कधीतरी जाणवले, आपल्यासाठी काय? सिग्रिड उंडसेट यांची ‘क्रिस्टिन लाव्हरान्सडॅटर’ ही त्रिखंडी कादंबरी (१९२० ते १९२२) अशा याद्यांमध्ये हटकून भेटते. चौदाव्या शतकातल्या नॉर्वेतली एक हट्टी मुलगी, तिचे चुकीच्या माणसावरचे प्रेम, मुलांमागून मुले, शेतीवाडी, पश्चात्ताप, प्लेग. उंडसेट १९२४ मध्ये कॅथलिक झाल्या, १९२८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. क्रिस्टिन संत नाही, आदर्श तर नाहीच. थकलेल्या आईला ती जवळची वाटते ती त्यामुळेच. टीना नूनली यांचा नितळ इंग्रजी अनुवाद १९९७ ते २००० या काळात आला आणि जुन्या, मुद्दाम प्राचीन वळणाच्या अनुवादामुळे हजारभर पानांची धास्ती घेतलेल्यांना वाट मोकळी झाली.

उंडसेट यांचे नाव त्याआधीही एक आई सतत घेत होती. डॉरोथी डे. १९३३ मध्ये ‘कॅथलिक वर्कर’ हे एका सेंटचे वर्तमानपत्र काढणाऱ्या, बेघरांना जेवू घालणाऱ्या, युद्धविरोधासाठी तुरुंगात जाणाऱ्या डॉरोथी. १९४८ मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी त्या वेस्ट व्हर्जिनियातल्या शेतावर राहिल्या, तेव्हाच्या रोजनिशीत चूल, धुणे, नातवंडे, प्रार्थना आणि पुस्तके एकाच दमात येतात. दोस्तोयेव्हस्की, टॉलस्टॉय, उंडसेट यांच्याबद्दल त्या शेजारणीबद्दल बोलावे तसे लिहीत. मला त्यांची ही शिफारस करण्याची रीत सगळ्यांत आवडते. त्यात पुस्तक उपदेशासाठी येत नाही, दिवसाला सोबत म्हणून येते.

२०१२ मध्ये मिनेसोटातल्या मार्सी स्टोकमन यांनी नुकतीच आई झालेल्या आपल्या मुलीशी झालेल्या बोलण्यातून ‘वेल-रेड मॉम’ सुरू केले. वर्षाला एक सूत्र, ठरलेली पुस्तके, महिन्यातून एकदा जमायचे. अशी आखीव यादी एकीने दुसरीला सांगण्यातला अवचितपणा थोडा घालवते. पण एकट्या पडलेल्या तरुण आईला महिन्यातून एक संध्याकाळ नेमाने मिळते, ही गोष्ट लहान नाही.

मी वसईची. आमच्याकडे हे काम पुष्कळसे ‘सुवार्ता’ मासिकाने केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादनाच्या काळात चर्चच्या बातम्यांसोबत मराठी साहित्यही घराच्या ओट्यावर आले. त्यांचे ‘सुबोध बायबल’ आले आणि सांजच्या प्रार्थनेत वाचायला ओघवती मराठी मिळाली. सिसिलिया कार्व्हालो यांची कविता आमच्या बायकांनी एकमेकींना दिली. पण ‘माझी यादी’ म्हणून लिहून ठेवण्याची सवय आमच्यात रुजली नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. मराठीतल्या ख्रिस्ती वाचनाला चारशेहून अधिक वर्षे झाली आणि तरी आईने लेकीसाठी केलेली यादी सापडत नाही.

माझ्या यादीत पहिले नाव लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे असेल. त्या प्रॉटेस्टंट होत्या, आम्ही कॅथलिक. मेसन यांच्या बाबतीत जे अमेरिकेतल्या बायकांना अडले नाही ते मलाही अडत नाही. नवऱ्याच्या धर्मांतराने मोडलेला संसार पाच वर्षांनी पुन्हा जुळवणारी, श्रद्धा स्वतःच्या पायांनी चालून गाठणारी आणि हे सगळे हसतखेळत सांगणारी ही बाई क्रिस्टिनच्या शेजारी सहज बसेल. शांता गोखले यांनी २०१७ मध्ये हे पुस्तक इंग्रजीत नेले आहे. मिनेसोटातल्या कुणा आईला मी आज एकच पुस्तक सुचवू शकत असले, तर हेच सुचवीन.