माळ्यावरचं विकण्याआधी वाचा

जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये जायचं ठरलं, की पहिली धास्ती असते ती माळ्याची. शिवाजी पेठेतलं किंवा मंगळवार पेठेतलं कुठलंही जुनं घर घ्या. न्हाणीत तांब्याचा बंब, परसात पाटा-वरवंटा आणि माळ्यावर तीन पिढ्यांचं सामान. नव्या घरात सामान ठेवायला लॉफ्टची एक फळी. सगळं मावणार नाही, काढावं लागणारच. पण आपण ते काढतो टेम्पो ठरल्यावर, शेवटच्या दोन दिवसांत, आणि मग जे हाताला लागेल ते काट्यावर जातं. म्हणून आज एवढंच सांगते, की काट्यावर ठेवण्याआधी त्या वस्तूवर काय लिहिलंय ते वाचा.

आधी भांडी. हंडा, कळशी, घंगाळ, परात. तांब्या-पितळेला भाव येतो, म्हणून ती पहिल्यांदा मोडीत निघतात. काठावर बघा, ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं, कुणी कुणाला दिलं, कुठल्या साली. सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचितच लागायचं अशा काळात पुष्कळ घरांत तिचं नाव सापडतं ते कळशीवरच. सासूबाईंच्या लग्नात आलेली भांडी विकायची का, हे त्यांनाच विचारा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बाईला लग्नात किंवा माहेराहून भेट मिळालेली वस्तू पूर्णपणे तिच्या मालकीची असते. मुलानं ती परस्पर मोडीत घालणं नुसतं वाईट दिसत नाही, तसा त्याला हक्कच नाही. विकायचीच ठरली तर दोन दुकानांत भाव विचारा, वजन आपल्यासमोर करून घ्या आणि घट किती धरली ते विचारायला लाजू नका. एखादं नावाचं भांडं मात्र ठेवा, तेही शोभेला नव्हे, वापरायला. पितळेचं असेल तर आतून कल्हई करून घ्या. पुण्यात दिनकर केळकरांनी अशाच घराघरांतल्या दिव्यांचा, अडकित्त्यांचा, भांड्यांचा संग्रह केला आणि त्याचं केवढं संग्रहालय झालं! आपल्याला एक कळशी ठेवायला काय हरकत आहे?

लुगड्यांचं सोपं आहे. धडकी आहेत ती कुणाला तरी द्या, विरलेल्यांची वाकळ शिवून घ्या. एका ट्रंकेतल्या कपड्यांच्या दोन वाकळा झाल्या, की ट्रंक मोकळी होते.

खरा धोका कागदांचा. हे मी माझ्या चुकीवरून सांगते. घर बदलताना आमच्या आजेसासऱ्यांची कागदांची ट्रंक मीच रद्दीत दिली. वाळवी लागलेली, कुबट वासाची. मला वाटलं, बरं झालं गेली. पाच वर्षांनी पुतणीला कॉलेजच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागलं. त्यात जुना पुरावा मागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला त्या ट्रंकेत होता. दीर गावाकडच्या शाळेत खेटे घालत राहिले, शेवटी जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला. पण त्या चार महिन्यांत पोरीच्या तोंडावरची काळजी बघवत नव्हती आणि मी घरात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

तेव्हा शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूचे उतारे, खरेदीखतं, जुने सातबारे, पोस्टाची आणि बँकेची पुस्तकं एका बाजूला काढा. अक्षर लागत नाही म्हणून कागद फेकू नका, तो मोडीत असेल. (मोडीतला कागद मोडीत काढू नका, असं आमचे हे म्हणतात!) कोल्हापुरात पुरालेखागार आहे, संस्थानकाळची मोडी दप्तरं तिथं आहेत. मोडी वाचणारं कोण भेटेल, याची चौकशी करायला ती चांगली जागा आहे.

नव्या घरात हे कागद खालच्या कपाटात ठेवू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा तसंच. तळमजल्यावरच्या कपाटांतल्या कागदांचा लगदा झालेला शाहूपुरीत, सुतारवाड्यात किती जणींनी पाहिलाय. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तो उंचावर, आणि प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो काढून तो घरातल्या दोघांकडे.

बाकी पाच वर्षांपूर्वीची वीजबिलं, बंद पडलेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड, परक्या लग्नांच्या पत्रिका खुशाल रद्दीत घाला. पत्रिकेवरच्या गणपतीमुळे जीव धजत नसेल, तर तेवढं चित्र कापून घ्या. घरच्या लग्नाची मात्र एक पत्रिका ठेवा, नावं आणि तारीख तिच्यावर छापलेली असते.