फेकलेले पैसे, हातात दिलेले पैसे

सिनेमाने मुले बिघडतात, असे आपल्या समाजमंदिरांतून पुष्कळदा सांगितले जाते. आम्हाला ते सरसकट पटत नाही. जयंतीला वर्गणी काढून व्हिडिओ आणायचा आणि अख्ख्या चाळीने अंगणात सतरंज्या टाकून पिक्चर पाहायचा, यात आपल्यापैकी कितीतरी जणांचे बालपण गेले. त्यातली काही वाक्ये अजून तोंडात आहेत. ती आपण कशी ऐकली, एवढाच प्रश्न आहे.

१९७५ सालचा 'दीवार' घ्या. मुंबईत बूटपॉलिश करणारे एक पोर. गिऱ्हाईक पैसे फेकते. पोर ते उचलत नाही. आम्ही पॉलिश करतो, भीक मागत नाही, पैसे हातात द्या, असे बजावते. पुढे तोच विजय, म्हणजे अमिताभ, डावरशेठला सुनावतो, 'मैं आज भी फेंके हुए पैसे नहीं उठाता.' थिएटरात शिट्ट्या पडायच्या.

आपल्या वस्तीतल्या शिट्ट्यांना निराळे कारण होते. आपल्या आज्या-पणज्यांच्या पदरात भाकर वरूनच टाकली जात असे. मढी ओढायची, सांगावे पोचवायचे, आणि मोबदला काय, तर दारोदार मागितलेले शिळे तुकडे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि हे तुकडे सोडा म्हणून सांगितले. दुसऱ्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे बिल आणले. तुकडे सोडले तर संध्याकाळी चूल पेटेल याची खात्री नव्हती. तरी लोकांनी ते सोडले. सलीम-जावेद यांनी ते पोर लिहिले त्याच्या कितीतरी आधी.

पण विजयचा पुढचा रस्ता आपला नाही. फेकलेले पैसे न उचलणारा हा माणूस स्मगलरच्या पंगतीला जाऊन बसतो. टाळ्या त्याच्यासाठी पडतात, आणि विटा वाहून दोन्ही पोरांना वाढवणाऱ्या आईकडे आपले लक्ष कमीच जाते. त्यात आणखी एक प्रसंग आहे. इन्स्पेक्टर झालेला रवी पळणाऱ्या एका पोरावर गोळी झाडतो. पोराने भाकरी चोरलेली असते. त्याचा बाप मास्तर, तो म्हणतो चोरी ती चोरी, लाखाची असो की भाकरीची. त्याची बायको मात्र रवीवर संतापते. आमच्या घरी या प्रसंगावरून दरवेळी वाद होतो. घरातले पुरुष मास्तरच्या बाजूचे, आणि बायका आईच्या. आम्हाला विचाराल तर त्या माऊलीचा राग खोटा नाही. भुकेल्या घराचा हिशेब तिलाच ठाऊक.

अलीकडचे उदाहरण द्यायचे तर तमिळमधला 'असुरन', २०१९ चा, वेट्रिमारन यांचा. धनुषला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पायात चपला घातल्या म्हणून एका मुलीला त्याच चपला डोक्यावर घेऊन चालायला लावतात, तो प्रसंग पाहताना घरातली म्हातारी माणसे गप्प होतात. शेवटी बाप पोराचा गुन्हा आपल्या अंगावर घ्यायला कोर्टात निघतो. जाताना पोराला सांगतो की जमीन असली तर हिसकावतील, पैसा असला तर हिसकावतील, पण शिक्षण कोणाला हिसकावता येणार नाही. हे आपल्याला नवे नाही. पुढचे जास्त मोलाचे आहे. शिकून अधिकारावर बस, आणि त्यांनी आपल्याशी केले तसे तू कोणाशी वागू नकोस.

आमची नोकरी कारकुनाची, टेबलाच्या अलीकडची. पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा कागद सरकवून टाकायचा की हातात द्यायचा, हे दिवसातून पन्नास वेळा ठरवावे लागते. आपली पोरे आता बँकेत, तहसीलीत, दवाखान्यात टेबलाच्या अलीकडे बसू लागली आहेत. पुढच्या रविवारी वंदना झाली की विहारात त्यांना 'असुरन' दाखवावा, आणि त्यांच्या आयांनाही बोलवावे. भाकरीचा वाद परत निघाला तर निघू द्या.