सूक्ष्मजीवरोधी जैवविघटनशील वैद्यकीय प्लास्टिक

सूक्ष्मजीवरोधी जैवविघटनशील वैद्यकीय प्लास्टिक म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारे आणि काम संपल्यावर शरीरात किंवा योग्य परिस्थितीत शरीराबाहेर विघटित होणारे बहुवारिक होय. शस्त्रक्रियेचे टाके, जखमेवरील आवरणे आणि काही रोपणे यांसाठी ते वापरले जाते.

पार्श्वभूमी

कॅथेटर किंवा रोपणाच्या पृष्ठभागावर जिवाणू चिकटून चिकट थर तयार करतात. या थराच्या आत प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे अनेकदा ते साधनच काढून टाकावे लागते. म्हणून जिवाणूंना चिकटण्याआधीच रोखणारा पृष्ठभाग उपयुक्त ठरतो.

टाक्याचा धागा

या प्रकारातील सर्वाधिक रुळलेले उत्पादन म्हणजे विरघळणारा टाक्याचा धागा. पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा १९७० च्या सुमारास वापरात आला. पुढे ९० टक्के ग्लायकोलाइड व १० टक्के लॅक्टाइड यांपासून पॉलिग्लॅक्टिन ९१० तयार झाले. शरीरातील पाण्यामुळे त्याची साखळी तुटते आणि साधारण ५६ ते ७० दिवसांत धागा शोषला जातो. या विघटनाला जिवाणूंची गरज नसते, म्हणूनच धाग्यावर ट्रायक्लोसान या जंतुरोधकाचा लेप देऊनही तो विरघळण्याचे थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग टाळण्यासाठी असे धागे वापरण्याची सशर्त शिफारस केली. पेसमेकरभोवती गुंडाळायच्या, मिनोसायक्लिन व रिफॅम्पिसिन सोडणाऱ्या विरघळत्या जाळीच्या पिशवीने संसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आढळले.

कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान स्वतःच जिवाणूरोधक असते. त्याचे धनभारित गट जिवाणूच्या पटलाला इजा करतात. मात्र हा भार आम्लधर्मी माध्यमात टिकतो व रक्ताच्या उदासीनतेजवळील सामूत बराच कमी होतो, ही मर्यादा जाहिरातींत सहसा दिसत नाही.

कचऱ्याचा प्रश्न

घाटकोपर पूर्वेतील महापालिकेच्या राजावाडी रुग्णालयासारख्या रुग्णालयांत सलाइनच्या नळ्या, कॅथेटर व हातमोजे लाल पिशवीत, तर रक्ताने माखलेले बोळे पिवळ्या पिशवीत टाकण्याची पद्धत जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार आहे. लाल पिशवीतील माल निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापरासाठी जातो. पिवळा जाळला जातो. मुंबईतील असा कचरा अनेक वर्षे जवळच्या गोवंडी-देवनार परिसरातील केंद्रात जात आला असून, त्या धुराविषयीच्या रहिवाशांच्या तक्रारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आल्या. क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळल्यास डायॉक्सिन तयार होते, म्हणून नियमांत क्लोरीनयुक्त पिशव्या व हातमोजे टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तरतूद आहे.

जैवविघटनशील साधने आल्याने हा प्रश्न आपोआप सुटत नाही. पॉलिलॅक्टिक आम्ल सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यामुळे १२१ अंशांच्या वाफेच्या निर्जंतुकीकरणात त्याचा आकार बिघडतो; उत्पादक त्याऐवजी इथिलीन ऑक्साइड किंवा गॅमा किरण वापरतात. असे प्लास्टिक लाल पिशवीतील इतर मालात मिसळले, तर पुनर्चक्रित मालाचा दर्जा खालावतो. औद्योगिक खतखड्ड्यात ते विघटित होऊ शकते, पण संसर्गित साधने तेथे पाठवता येत नाहीत. शिवाय मिसळलेले चांदीचे कण किंवा प्रतिजैविक खतातील उपयुक्त सूक्ष्मजीवांनाही मारक ठरू शकते, आणि औषध अल्प मात्रेत दीर्घकाळ झिरपत राहिल्यास प्रतिरोधक जिवाणू निर्माण होण्याचा धोका असतो.